पाऊण टक्क्याचा फरक आणि काळा पडदा

मे महिन्यातली टळटळीत दुपार. शिरपूरकडच्या एका केळी पिकवणी केंद्राच्या मालकाचा फोन आला, "भाऊ, पडदा काया व्हयी गया!"

पडदा म्हणजे रायपनिंग चेंबरच्या कंट्रोलरवरचा सात इंची डिस्प्ले. आत कच्ची केळी भरलेली. तापमान सोळा ते अठरा अंशांत राहिलं पाहिजे, केळी पिकवणारा इथिलीन वायू किती सोडला, आर्द्रता किती आहे यावर नजर हवी, आणि हे सगळं जिथं दिसतं तोच काळा. आदल्या दिवशी आमच्याच एका पोरानं तिथं जाऊन कंट्रोलरचं सॉफ्टवेअर नवं करून दिलं होतं, त्यामुळं मला गुपचूप गाडी काढावी लागली.

जाऊन बघतो तर पडद्यामागचा दिवा चालू. शटर ओढून अंधार केला की काळ्यावर हलकी राखाडी झाक दिसायची. बोट टेकवलं की बझर वाजायचा, म्हणजे टचही जिवंत. कॉम्प्रेसर, पंखे बिनचूक. फक्त चित्र नाही. मालकानं तोवर नवा डिस्प्ले मागवूनही टाकला होता. तो लावला असता तरी काळाच राहिला असता. लॅपटॉप जोडून कंट्रोलरची नोंदवही उघडली, तर त्यात एका ओळीत सगळा प्रकार लिहिलेला: हवा होता ३३.२६४ मेगाहर्ट्झ, मिळतोय ३३.०००, फरक ०.७९ टक्के, सबब नामंजूर.

"पाऊण टक्क्यासाठी?" मालक म्हणाले. "एवढं वजन तर आम्ही नुसतं दांड्यात सोडून देतो!"

त्यांचा प्रश्न रास्त होता. हल्ली वजनकाट्यापासून ठिबकच्या कंट्रोलरपर्यंत सगळ्याला पडदा आलाय, आणि "अपडेट केलं नि स्क्रीन गेली" ही तक्रार त्याच्यासोबत आलीय. त्यातल्या निदान काही पडद्यांना काहीही झालेलं नसतं. म्हणून हे जरा पायापासून सांगतो.

पडदा म्हणजे सरकीची टोकणी

अशा स्वस्त पॅनेलला स्वतःची स्मरणशक्ती नसते. एकदा चित्र दिलं आणि ते तिथं राहिलं, असं होत नाही. आतल्या चिपनं ते सेकंदाला साठ वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायचं असतं, ठिपक्यामागून ठिपका. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात.

आता शेतात या. सरकी टोकायची आहे आणि बांधावर कुणीतरी हलगी वाजवतोय. हलगीचा एक ठोका पडला की एक बी. आमच्या पडद्याच्या एका ओळीत ८०० बिया, आणि अशा ४८० ओळी. पण ओळ संपली की माणूस हवेतून पुढच्या ओळीच्या तोंडाशी पोचत नाही. बांधापाशी वळावं लागतं, चार पावलं टाकावी लागतात. त्या वेळात हलगी थांबत नाही, ठोके पडत राहतात, फक्त बी पडत नाही. या पडद्यात एका ओळीमागं वळायला २५६ ठोके धरलेत. म्हणजे ओळ ८०० ठोक्यांची नसून १,०५६ ठोक्यांची. सगळं शेत झालं की पुन्हा पहिल्या ओळीच्या तोंडाशी यायला ४५ ओळींएवढा वेळ. म्हणजे ४८० नव्हे, ५२५.

१,०५६ गुणिले ५२५ म्हणजे ५,५४,४०० ठोक्यांत एक चित्र. सेकंदाला साठ चित्रं, म्हणून ३,३२,६४,००० ठोके. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ, तेव्हा हा झाला ३३.२६४ मेगाहर्ट्झ. या हलगीला पिक्सेल क्लॉक म्हणतात. यापुढं नुसतं क्लॉक म्हणू.

बांधापाशी वळायचा हा वेळ जुन्या डबा टीव्हीचा वारसा आहे. तिथं इलेक्ट्रॉनचा झोत खरोखरच काचेच्या एका कडेपर्यंत जाऊन माघारी यायचा. सपाट पडद्यात झोतबीत काही नाही, तरी पुढच्या ओळीची तयारी करायला थोडी उसंत लागते, म्हणून रीत टिकली. पुढं ती आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

हलगी चुकते का?

चुकते. जगात बरोब्बर असं काही वाजत नाही. लेथवर काम करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट म्हणजे पंचवीसच्या अलीकडं-पलीकडं अमुक इतकं चालेल, हे ड्रॉइंगवरच लिहिलेलं असतं. किती चुकलं तर चालेल याचा आधीच ठरवलेला आकडा म्हणजे टॉलरन्स. दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघणारी वीजसुद्धा नेमकी ५० हर्ट्झ नसते. देशाच्या ग्रिडनं ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात राहावं एवढाच नियम आहे.

कंट्रोलरच्या आत मूळ ठोका क्वार्ट्झच्या क्रिस्टलमधून येतो. हा क्रिस्टल किती चुकतो ते पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाखांत किती. केळीवाल्यांना पीपीएम नवा नाही. चेंबरमध्ये १०० पीपीएम इथिलीन म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग. तसंच, २० पीपीएमचा क्रिस्टल म्हणजे दहा लाख ठोक्यांत फार तर वीस इकडंतिकडं. घड्याळाला हिशेब लावला तर दिवसाला पावणेदोन सेकंद.

उन्हाचं काय, हा आपल्याकडं हमखास येणारा प्रश्न. वेळ राखणारा जो छोटा क्रिस्टल असतो, सेकंदाला ३२,७६८ ठोक्यांचा, तो साधारण २५ अंशाला सर्वांत बरा चालतो. तिथून जितकं लांब जाल, त्या अंतराच्या वर्गानं तो मागं पडतो, गरम असो की थंड. पत्र्याच्या शेडखाली बंद डब्यात ६५ अंश झाले तर फरक चाळीस अंशांचा. चाळीसचा वर्ग सोळाशे, त्याला या जातीच्या क्रिस्टलच्या ०.०३४ या गुणकानं गुणा, ५४ पीपीएम आले. दिवसाला पावणेपाच सेकंद. भुसावळच्या उन्हाळ्यात कंट्रोलरवरचं घड्याळ पंधरवड्यात मिनिटभर मागं पडलं, तर सेलला दोष देण्याआधी हे आठवावं.

पण आमचा काळा पडदा या खात्यात बसत नाही. चिपचा मुख्य क्रिस्टल २४ मेगाहर्ट्झचा, वेगळ्या जातीचा. तो २० पीपीएमनं चुकला तरी ३३ मेगाहर्ट्झमध्ये फरक पडेल ६६० ठोक्यांचा. आमच्या नोंदवहीत फरक होता २,६४,००० ठोक्यांचा. चारशेपट. ऊन, धूळ, वय, कशानंही क्रिस्टल एवढा बहकत नाही. चूक क्रिस्टलची नव्हतीच. ती भागाकाराची होती.

पावणेनऊवा गिअर नसतो

२४ चा ठोका थेट पडद्याला जात नाही. चिपमध्ये पीएलएल नावाचं एक सर्किट असतं. ते मूळ ठोक्याला धरून त्याच्या पटीत पुष्कळ जलद ठोका तयार करतं. आमच्या चिपमध्ये ते २४ ला आठनं भागून तीन करतं आणि तीनला ९९ नं गुणून २९७ मेगाहर्ट्झ. मग पडद्यापाशी एक भागाकार करणारा असतो, तो २९७ ला पूर्ण अंकानं भागून क्लॉक देतो. पूर्ण अंकानंच. ट्रॅक्टरला तिसरा गिअर असतो, चौथा असतो, साडेतिसरा नसतो, तसं.

२९७ भागिले ९ म्हणजे ३३.०००. २९७ भागिले ८ म्हणजे ३७.१२५. मध्ये काही नाही. ३३.२६४ साठी भागाकार करावा लागेल ८.९२८ नं, आणि तो गिअर या पेटीत बसवलेलाच नाही.

मग २९७ हा विचित्र आकडा निवडला कुणी? टीव्हीवाल्यांसाठी. पूर्ण एचडी चित्राला सेकंदाला साठच्या वेगानं १४८.५ मेगाहर्ट्झ लागतो, तो २९७ च्या बरोबर निम्मा. लहान एचडीला ७४.२५ लागतो, तो पाव. जुन्या डीव्हीडीच्या दर्जाच्या चित्राला २७ लागतो, तो अकरावा हिस्सा. टीव्हीच्या तिन्ही मापांना एकच आकडा पुरतो. सात इंची पॅनेल बिचारं या हिशेबात कुणी धरलंच नव्हतं.

मग अडवलं कुणी?

ड्रायव्हरनं. गाडीचा नव्हे. सॉफ्टवेअरमधला जो भाग एका विशिष्ट यंत्राशी बोलायचं काम करतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. इथला ड्रायव्हर पडद्याच्या माहितीत वाचतो की हवेत ३३.२६४. मग क्लॉक सांभाळणाऱ्या भागाला विचारतो, "यातलं जवळात जवळ काय देशील?" उत्तर येतं, ३३. दोघांतला फरक तो काढतो आणि ठरवतो, चित्र लावायचं की नाही.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्नच विचारला जात नव्हता. जे मिळेल ते पडद्याला दिलं जायचं आणि पडदा वर्षभर त्याच ३३ वर सुखानं चालत होता. नव्या आवृत्तीत कुणीतरी चांगल्या हेतूनं तपासणी घातली: अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक असेल तर नामंजूर. अर्धा टक्का हा आकडा हवेतला नाही. मॉनिटरचे वेळापत्रक ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेच्या मानकात क्लॉकला तेवढीच सूट आहे. नियम खरा होता. लावला चुकीच्या गिऱ्हाइकाला.

हे फक्त आमच्याच पोराच्या हातून होतं असं नाही, म्हणून त्याच्यावर फार ओरडलो नाही. २०१६ साली लिनक्स या संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये ऑलविनर कंपनीच्या चिपसाठी असलेल्या ड्रायव्हरमध्ये अशीच तपासणी आली, आणि तोवर बिनतक्रार चालणारे स्वस्त टॅब्लेटचे पडदे नामंजूर झाले. तिथंही भानगड ३३.२६ मेगाहर्ट्झच्या पॅनेलचीच होती.

आता त्या पॅनेलला स्वतःला काय चालतं ते बघा. पॅनेलच्या माहितीपत्रकात एक आकडा नसतो, तीन असतात. या मापाच्या एका सर्रास मिळणाऱ्या पॅनेलचे असे आहेत: किमान २६.४, नेहमीचा ३३.३, कमाल ४६.८. म्हणजे खाली वीस टक्के आणि वर चाळीस टक्के. ज्याला एवढं मोठं अंगण आहे, त्याला पाऊण टक्का सरकला म्हणून आम्ही घराबाहेर काढलं होतं.

"मग टीव्हीलाच एवढा नखरा का?"

पॅनेल हा शिकवलेला बैल आहे. कासरा हातात धरून चालवाल तसा चालतो. ठोका जरा सावकाश आला तर तो सावकाश पेरतो. त्याला स्वतःचं मत नाही. ३३ वर सेकंदाला साठऐवजी ५९.५२ चित्रं लागतात. हे डोळ्याला ओळखू येईल असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

टीव्ही किंवा मॉनिटर मात्र स्टेशनमास्तर आहे. त्याच्याकडं स्वतःचं वेळापत्रक छापलेलं असतं. केबलमधून येणाऱ्या ठोक्यांवरून तो ओळखतो की ही अमुक नंबरची गाडी, मग तिला तिच्या फलाटावर घेतो. त्याच्या आत त्याचा स्वतःचा पीएलएल आहे, चित्र लहान-मोठं करणारी यंत्रणा आहे, आणि केबलमधून येणाऱ्या आवाजाचा वेग तो याच क्लॉकवरून काढतो. वेळापत्रकात न बसणारी गाडी आली की काही टीव्ही समजून घेतात, काही काळा पडदा दाखवतात, आणि काही चौकटीत लिहून टाकतात, "आउट ऑफ रेंज". कोणता टीव्ही काय करील हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला माहीत नसतं. त्यामुळं तिथं अर्धा टक्का पाळणंच शहाणपणाचं.

याचा खरा त्रास दोन्ही एकाच पेटीतून चालवायचे असतात तेव्हा होतो. आमच्या पोरानं सुचवलेली पहिली दुरुस्ती मोठी हुशार होती: पीएलएल २९७ ऐवजी ३०० करा. ३०० भागिले ९ म्हणजे ३३.३३३. फरक उरला ०.२१ टक्के, तपासणी पास, पडदा चालू. आम्ही दोघंही पाच मिनिटं खूश होतो. मग आठवलं की याच कंट्रोलरला ऑफिसात टीव्ही जोडतात, आणि टीव्हीचा क्लॉकही त्याच पीएलएलमधून निघतो. ३०० चे निम्मे १५०. टीव्हीला हवेत १४८.५. फरक एक टक्का. पडदा उजळला असता आणि टीव्ही रुसला असता. एका विहिरीवर दोन मोटा आहेत. एकीसाठी पाणी वळवलं की दुसरीकडं कमी पडतं.

बांधापाशी दोन पावलं कमी

सेकंदाला साठच चित्रं हवीत असा कुणाचा हट्ट असेल, तर क्लॉकला हात न लावताही जमतं. इथं तो वळायचा वेळ कामाला येतो. ओळीमागं वळायला २५६ ठोके धरलेत, ते २४८ करा. ओळ झाली १,०४८ ठोक्यांची, चित्र ५,५०,२०० ठोक्यांचं. ३३ मेगाहर्ट्झला त्यानं भागलं की ५९.९८ आले. हलगी तीच, बियाही तेवढ्याच, फक्त माणूस बांधापाशी थोडा चपळ वळला.

मात्र वळायच्या वेळेलाही पॅनेलनं किमान-कमाल दिलेलं असतं. त्याखाली गेलात तर चित्र एका बाजूला सरकतं किंवा पहिले काही ठिपके गिळले जातात. आठ ठोक्यांनी सहसा काही होत नाही, पण माहितीपत्रक उघडून बघितल्याशिवाय करू नये. टीव्हीला तर हे करूच नये. त्याच्या वेळापत्रकात वळणंही छापलेली असतात.

"एवढीच कटकट आहे तर तपासणी काढूनच टाका ना!"

मालकांचं हेच म्हणणं होतं. मोह होतो खरा, पण नाही.

समजा उद्या ऑफिसातला टीव्ही पूर्ण एचडी मागतोय आणि चिपला काही कारणानं ९९ मेगाहर्ट्झच देता येतोय. तपासणी नसेल तर ड्रायव्हर ९९ देऊन मोकळा होईल, टीव्ही काळा राहील, आणि ड्रायव्हरच्या नोंदवहीत लिहिलेलं असेल "सगळं ठीक". आमच्या प्रकरणात निदान कारण एका ओळीत सापडलं, कारण कुणीतरी "नाही" म्हणालं होतं. नकार मिळाल्यावर टीव्हीसाठी लहान एचडीचा पर्याय तरी शोधता येतो. खोट्या होकारानंतर काहीच करता येत नाही.

पॅनेललाही सगळंच चालतं असं नाही. चुकून क्लॉक निम्मा, साडेसोळाचा दिला तर सेकंदाला तीसच चित्रं लागतील. पॅनेलमधल्या प्रत्येक ठिपक्यात थोडा विद्युतभार साठवलेला असतो आणि तो दर चित्राला ताजा करावा लागतो. उशीर झाला की तो झिरपतो आणि पडदा लुकलुकायला लागतो. आठ तास त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाचं डोकं धरतं.

तेव्हा ड्रायव्हरनं विचारायचा प्रश्न "मागितलं तेवढंच मिळालं का?" हा नाही. "जे मिळतंय ते समोरच्याला झेपेल का?" हा आहे. पॅनेलला झेपणारे तीन आकडे त्याच्या माहितीपत्रकात असतात. लिनक्समध्ये ते किमान, नेहमीचा आणि कमाल असे तिन्ही लिहायची सोयही आहे. पण ड्रायव्हर लिहिणारे घाईत मधला एकच उतरवतात, आणि बाकीचे दोन कागदावरच राहतात. माझ्या मते निम्मी भांडणं इथं सुरू होतात.

तपासणी लिहितानाही एक खड्डा आहे. अर्धा टक्का म्हणजे हजारात पाच. १४,८५,००,००० ला आधी हजारनं गुणलं तर ३२ बिटांच्या डब्यात तो आकडा मावत नाही, तिथं ४२९ कोटींच्या पलीकडं जागाच नाही. आकडा गोल फिरून भलताच होतो आणि बरोबर असलेला क्लॉक नापास होतो. लहान पडद्याचे ३,३२,६४,००० सुद्धा हजारपट होऊन तिथं मावत नाहीत. आधी भागावं, मग गुणावं, किंवा डबा मोठा घ्यावा.

"पण काटेकोर क्लॉकच का बनवत नाहीत?"

बनवतात. अपूर्णांकानं गुणणारे पीएलएल असतात, त्यांतून ३३.२६४ च्या अगदी जवळ जाता येतं. पण ते जागा खातात, पैसे खातात, आणि ठोक्याठोक्यात बारीक थरथर आणतात. सरासरी बरोबर, पण एक ठोका किंचित आधी, पुढचा किंचित नंतर. स्वस्त चिपमध्ये टीव्हीला लागणारे मोजके आकडे साधले की बनवणाऱ्याचं काम होतं.

आणि गंमत पुढं आहे. काही यंत्रांत क्लॉक मुद्दाम हलवतात! सतत एकाच वेगानं वाजणारा ठोका रेडिओसारखा आसपास गोंगाट पसरवतो, आणि त्याची सगळी ताकद एकाच जागी एकवटलेली असते. म्हणून तो अर्धा-एक टक्का वर-खाली डोलवत ठेवतात, म्हणजे तो गोंगाट पसरून पातळ होतो आणि शेजारच्या यंत्रांना त्रास देत नाही. याला स्प्रेड स्पेक्ट्रम म्हणतात. एकीकडं पाऊण टक्क्याचा फरक पडला म्हणून पडदा काळा करायचा आणि दुसरीकडं स्वतःच एक टक्का डोलवायचा, हे एकाच पेटीत घडू शकतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ड्रायव्हरची तपासणी सगळी कागदावरची आहे. मूळ क्रिस्टल बरोब्बर २४ आहे असं धरून तो पुढचा हिशेब करतो. काही कंट्रोलरमध्ये रुपये वाचवायला क्रिस्टल काढूनच टाकतात आणि चिपमधल्या आतल्या ठोक्यावर भागवतात. तो एक टक्का चुकला तरी नवल नाही. मग कागदावर शून्य फरक आणि प्रत्यक्षात एक टक्का, आणि ड्रायव्हरला त्याचा पत्ताही नसतो.

"म्हणजे आमचं टायमर चुकत होतं?"

हा प्रश्न मालकांनी विचारला तेव्हा मी जरा चपापलो. कारण उत्तर "हो" असं होतं.

वेळ राखणारा क्रिस्टल वेगळा आणि पडद्याचा क्लॉक वेगळा. पडदा ५९.५२ नं चालला म्हणून भिंतीवरच्या वेळेला काही होत नाही, असं असायला हवं. पण आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये इथिलीनचा चोवीस तासांचा उलटा मोजणारा आकडा चित्रं मोजून चालवलेला होता. साठ चित्रं झाली की एक सेकंद कमी कर. साठ चित्रांना प्रत्यक्षात एका सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागत होता, आणि चोवीस तासांत ते साचून साडेअकरा मिनिटं होत होती. प्रत्येक खेप साडेअकरा मिनिटं जास्त, वर्षभर. केळीला त्यानं फरक पडत नाही, एवढी सूट केळीलाही आहे. पण औषधाच्या किंवा रसायनाच्या कामात हाच कंट्रोलर लावला असता तर? चित्रं मोजून वेळ काढू नये. पडदा काळा झाला नसता तर हे आम्हाला कधी कळलंही नसतं.

हिरव्या पडद्यावरची अक्षरं

रंगीत पडदे सोडा. वजनकाटे आणि इन्व्हर्टरवर दिसणारा दोन ओळींचा, सोळा-सोळा अक्षरांचा हिरवा किंवा निळा पडदाही याच रोगाचा. त्यात बहुतेक वेळा हिताची कंपनीच्या एचडी४४७८० या चिपची रीत चालते. इथं पडदा तुमच्या ठोक्यावर चालत नाही, त्याची स्वतःची हलगी आहे आणि ती क्रिस्टलची नाही. साध्या रोधकावर चालणारी, नेहमीचा वेग सेकंदाला २,७०,००० ठोके. पण माहितीपत्रक म्हणतं, १,९०,००० ते ३,५०,००० पर्यंत काहीही असू शकतं. पाऊण टक्का कुठं आणि हे कुठं!

त्याला एखादी आज्ञा दिली की ती पुरी करायला नेहमीच्या वेगानं ३७ मायक्रोसेकंद लागतात. हलगी २,५०,००० ची निघाली तर ४०, आणि १,९०,००० ची निघाली तर जवळजवळ ५३. ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं माहितीपत्रकातला ३७ उचलून तेवढीच वाट पाहिली, तर दहातले आठ पडदे छान चालतील आणि दोनांवर "वजन" च्या जागी "वज" आणि चिनीसारखं काहीतरी. दुकानदार म्हणतो माल खराब आला. माल माहितीपत्रकाप्रमाणेच असतो.

खरा उपाय म्हणजे पडद्यालाच विचारायचं, झालं का तुझं? त्यासाठी चिपमध्ये सोय आहे. पण एक तार वाचवायला अनेक जण विचारायची पिनच जमिनीला जोडून टाकतात. मग उरतो सोपा उपाय: ६० मायक्रोसेकंद थांबा. पडदा पुसायच्या आज्ञेला १.५२ मिलिसेकंद लिहिलेत, तिथं अडीच थांबा. कुणाच्याही डोळ्याला तो उशीर दिसत नाही.

शिरपूरला काय केलं

पॅनेलचे तीनही आकडे लिहिले. पॅनेल असेल तर क्लॉक त्या किमान-कमालमध्ये बसतो का एवढंच बघायचं, टीव्ही असेल तर अर्धा टक्का तसाच ठेवायचा. पीएलएल परत २९७ वर नेला. इथिलीनचा आकडा वेळेच्या क्रिस्टलवर टाकला. ओळीतले ते आठ ठोके कमी करायचा विचार केला होता, पण साडेएकोणसाठला कुणाची हरकत नसताना कशाला, म्हणून राहू दिलं.

पडदा लागला. सोळा पूर्णांक चार अंश, आर्द्रता नव्वद. मालकांनी मान वाकडी करून दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं.

"आता पूर्ण साठ आहे?"

"नाही. साडेएकोणसाठ. आधीही तेवढंच होतं."

त्यांनी जरा विचार केला. मग कोपऱ्यात ठेवलेल्या खोक्याकडं बोट दाखवलं. नवा डिस्प्ले सकाळीच कुरिअरनं येऊन पडला होता, पट्टीसुद्धा फोडलेली नव्हती.

"मग हा परत करतो," ते म्हणाले. "आनि त्या पोराले सांग, अपडेट करणं व्हयी तर गाडी भरानी आगोदर कर."